बाबांचं ‘आमे’

सगळी गल्ली त्याला थंडोबा म्हणायची. एसी दुरुस्त करणारा माणूस, त्यातून बोलायला मंद आणि रागवायला त्याहून मंद. नाव अगदी चपखल बसलं होतं आणि त्यानेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. थंडीत हा गृहस्थ दुकानात माश्या मारत बसायचा. पण उन्हाळा लागला रे लागला, की याच थंडोबाच्या नावाने लोक टाहो फोडायचे. पाणी गळतंय, गार हवाच येत नाही, बाळ झोपत नाही रे, जरा येऊन जा ना. खिशातला फोन दिवसभर थरथरत असायचा. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही, तिथेच सगळं घोडं अडलं.

त्याचे बाबा शिंपी. शिंपी कसले, घड्याळच म्हणा. दिवेलागणी झाली की मशीन थांबलंच. सुई कापडात तशीच रुतलेली, गिऱ्हाईक समोर ताटकळलेलं, आणि हे आत हाक मारायचे, “चला रे, प्रार्थनेला.” प्रार्थना घरातल्या कुणीही करावी, पण शेवटचं आमेन बाबांचं, आणि ते होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, हा घराचा कायदा. त्या दिवशी घरात भांडण झालेलं असलं तर बाबा आमेन मुद्दाम लांबवायचे. लहानपणी एकदा थंडोबाने ताटात काय आहे ते बघायला एक डोळा किलकिला केला होता. दंडाला बसलेला तो चिमटा त्याला अजून आठवत होता.

उन्हाळ्यात देवळातले, म्हणजे त्यांच्या चर्चमधले, अर्धे बाक रिकामे पडायचे. कुणी गावाला, कुणी नुसतंच घरात पंख्याखाली. बाबा मात्र पहिल्या बाकावर घाम पुसत बसलेले. कुणी काही म्हटलं की ठरलेलं उत्तर, “देव सुट्टीवर जात नाही, मग आपल्याला कुठली आली सुट्टी?”

गेल्या थंडीत बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरात सगळे हवालदिल झाले. मग एका संध्याकाळी थंडोबाची प्रार्थना संपली आणि बाबांच्या वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द आला, “आमे.” शेवटचा ‘न’ कुठेतरी हरवला होता. पण थंडोबाची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, “‘न’ नाही मिळाला तरी चालेल, माझी काही तक्रार नाही.” त्यानंतर रोज प्रार्थना व्हायची आणि रोज तो शब्द यायचा. दुसरा एकही नाही. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, जे येतंय ते रोज बोलवून घ्या, नाहीतर तेही जाईल.

आणि मग उन्हाळा लागला.

देवळातले धर्मगुरू, म्हणजे पाळक, एका रविवारी रिकाम्या बाकांकडे बघत म्हणाले होते, “मंडळी गावाला जाते ते ठीक, पण घरातली प्रार्थना गावाला पाठवू नका.” थंडोबाने मान डोलावली खरी, पण तेवढ्यात फोन थरथरला आणि तो वाकून बाहेर पडला. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात संध्याकाळच्या पाळीला. म्हणजे दिवेलागणीची प्रार्थना याच्याच गळ्यात. एक दिवस चुकली, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा चुकली तेव्हा जरा कमी वाटलं. पुढे पुढे उद्या करू, परवा करू असं करता करता सवयच मोडली. मोडायला काय लागतं? सवय लावायलाच जन्म जातो.

“अहो, बाबांची प्रार्थना झाली का?” बायको विचारायची.

“मनातल्या मनात केली.”

“मनातल्या मनात केलीत तर ते आमेन कशाला म्हणणार?”

यावर तो टॉवेल घेऊन न्हाणीघरात जायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे.

एका दुपारी तो एसीतल्या गॅसचा दाब मोजायचा विसरलेला गेज घ्यायला घरी आला, तर दारात शेजारच्या मावशी भेटल्या. बाबांच्या खोलीला आणि त्यांच्या स्वयंपाकघराला एकच भिंत. इथे राहिलेली आपली रिकामी ताटली त्या परत न्यायला आल्या होत्या.

“अरे थंडोबा, तुझ्या बाबांचं काही कळत नाही बाई मला,” मावशी म्हणाल्या. “दिवे लागले की रोज आपलं आंबे, आंबे. भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू यायचं. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचा जीव अडकला असेल. तुम्ही दोघं कामावर, बोलायचं कुणाशी? मग मीच कापून आणायचे. तर खायचं नावच नाही. फोड तोंडाशी नेली की डोळे मिटून घ्यायचे आणि तसेच बसून राहायचे. मग मी ताटली ठेवून जायचे.”

“आणि आता?”

“आता थांबलंय. चार-आठ दिवस झाले असतील. आंब्यांचा कंटाळा आला असेल.”

थंडोबाने वळून बाबांच्या खोलीकडे पाहिलं. बाबा आंबे मागत नव्हते. घरात कुणी नसताना ते रोज वेळेवर प्रार्थनेला बसत होते, स्वतःपाशी होता तेवढा एक शब्द घेऊन सगळ्यांना हाका मारत होते. उंबऱ्यावरच तो खाली बसला. मावशींनी पाणी आणून दिलं.

संध्याकाळी तो एका कापडदुकानात शिडीवर होता. बाहेर उन्हं कलली तसे त्याने खोललेले स्क्रू सदऱ्याच्या खिशात टाकले आणि खाली उतरला.

“अरे, दुकानाची भट्टी झालीय माझ्या. निघालास कुठे?” दुकानदार म्हणाला.

“घरी प्रार्थना आहे. उद्या सकाळी येतो.”

“उन्हाळा संपल्यावर कर की प्रार्थना.”

थंडोबाला राग आला. फार दिवसांनी आला, त्यामुळे त्याचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. तो नुसता निघाला.

घरी येऊन त्याने बाबांना उशांना टेकवून बसवलं, त्यांचा चांगला हात हातात घेतला, डोळे मिटले. नेहमीचे शब्द सुरू केले, पण ते अर्ध्यावर अडकले. मग जे तोंडाला आलं ते बोलला. “देवा, मी गावभर लोकांच्या खोल्या गार करत फिरलो आणि इथे माझा बाप एकटा बसून आमेन म्हणत होता. मला लाज वाटते. त्यांचा शब्द परत दे. माझ्यामुळे गेलाय तो.”

एवढं बोलून तो थांबला. शेवटचा शब्द त्याचा नव्हता.

पंखा घरघरत होता. मावशींच्या घरात भांडं पडलं. शब्द आला नाही. खिशात स्क्रूंपाशी फोन थरथरू लागला, आणि सवयीने त्याचा हात तिकडे वळला. तशी बाबांची बोटं त्याच्या मनगटावर घट्ट आवळली.

त्याने एक डोळा किलकिला केला. बाबांचे डोळे मिटलेले होते. ओठ एकमेकांवर दाबले जात होते, सुटत होते, पुन्हा दाबले जात होते. आवाज निघत नव्हता. थंडोबाने घाईने डोळा मिटून घेतला.

पाळी संपवून बायको घरी आली तेव्हा खोलीत दिवाही लावलेला नव्हता. बापलेक तसेच बसलेले, हातात हात. ती दारातच थबकली.

“अजून चाललीय?” तिने हळूच विचारलं.

“हो,” तो डोळे न उघडता म्हणाला. “बाबांचं आमेन व्हायचंय.”

तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि बाबांच्या पायाशी डोळे मिटून बसली.