पिठातली वंशावळ

कुंभकोणमच्या समस्त नागरिकांस कळवण्यात येते की, आमच्या तंजावरी मराठी गल्लीतली एक मोठी लढाई मूठभर तांदळाच्या पिठाने जिंकली गेली आहे.

विजयी सेनापती समोर राहतात. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी पदर खोचून दारात कोलम, म्हणजे इकडची पिठाची रांगोळी, काढतात, रेघ चुकली की पायाच्या अंगठ्याने पुसतात.

त्या दिवशी शेजारच्या मामी कडेवर नात घेऊन आल्या. पोरीची कातडी दुधासारखी, केससुद्धा पांढरे. मागे सून, मान खाली घालून.

"हे हिच्या माहेरचं," मामी म्हणाल्या. "आमच्यात असं कोणी नाही. हिला आता तिकडेच पाठवते."

बाईंनी अर्धा कोलम पुसला. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन काढले. नातीचा गोल पिठाने पूर्ण भरला, तिच्या आईबापांचे अर्धेच.

"मामी, हा गुण दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर लपून राहतो. तुमच्या मुलात लपलाय. त्याला कुठून मिळाला?"

"आमच्याकडून नाही."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. मामींचा गोल काढला, वर त्यांचे वडील, शेजारी वडिलांच्या बहिणी, सगळ्या रिकाम्या. मग पिठाची चिमूट धरून थांबल्या. सुनेने मान वर केली.

रिकामी जागा मामींना सोसवेना. त्या बोलून गेल्या, "मग आमच्या धाकट्या आत्याला पूर्ण भरा की. तिला तर सगळे चांदीची बाहुली म्हणायचे."