बॅटरी रात्री कुठे होती

पहिलं लेक्चर शनिवारी १५०० वाजता होतं. मी १४१५ ला नौपाड्यात कॉलेजच्या गेटवर हजर. वॉचमनने विचारलं, "मुलाच्या ॲडमिशनला आलात का?" मी म्हणालो, "माझ्याच."

मी हवालदार भिसे, आता निवृत्त. मूळ गाव आटपाडीकडचं. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. एकोणिसाव्या वर्षी भरती झालो, सतरा वर्षं सर्व्हिस केली. सध्या ठाण्यात एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. कल्याण पूर्वेला खोली घेऊन एकटा राहतो, बायको आणि मुलगी गावी. फौजेतल्या सर्टिफिकेटवर मला युनिव्हर्सिटीच्या बिझनेस मॅनेजमेंटच्या कोर्सला प्रवेश मिळाला. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा वर्ग. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी सही दिली त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तरी दर शनिवारी सकाळपासून भीती वाटायची. फायरिंग रेंजवर कधी वाटली नाही ती.

विषयाचं नाव ऑर्गनायझेशनल बिहेविअर. माणसं एकत्र काम करताना कशी वागतात, टीम कशी बनते, कशी मोडते. शिकवायला साने मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी चौघाचौघांचे ग्रुप पाडले. आमच्या ग्रुपचा लीडर झाला प्रणय म्हात्रे, वय एकवीस. डोंबिवलीचा, तिथल्या जुन्या गाववाल्यांपैकी. वडिलांचा रेती-विटांचा धंदा. तो कायम वीस मिनिटं उशिरा यायचा, शर्टावर सिमेंट. मला काका म्हणायचा आणि तू म्हणायचा. त्यांच्याकडे तसंच बोलतात.

"काका, तू मिलिटरीवाला ना? मग टीमवर्क तुझ्याकडूनच शिकू की. आपला ग्रुप टॉप!"

त्याला लीडर कोणी केलं नव्हतं. कोणी हातही वर केला नव्हता. तो बोलायला लागला आणि बाकीचे ऐकायला लागले, बस. सतरा वर्षं मी ऑर्डर दिली की माणसं हलायची. हा पोरगा ऑर्डर देत नाही, चेष्टा करतो, तरी माणसं हलतात. श्रुती नावाची मुलगी स्लाईड्स करायची. मी सांगितलेला बदल ती "बघते हं, काका" म्हणून बाजूला ठेवायची. तोच प्रणयने सांगितला की दोन मिनिटांत व्हायचा.

स्पष्ट लिहितो. मला त्याचा हेवा वाटायचा. आणि तोच माझं मराठीतलं भाषण इंग्रजीत करून द्यायचा, मोठ्या अक्षरांत, कठीण शब्दाखाली उच्चार देवनागरीत लिहून. घरी जाऊन मी ते कागद पाठ करायचो आणि मनात त्याला शिव्या घालायचो.

हा हेवा मला नवा नव्हता. आधी तो एका दुसऱ्या माणसावर खर्च झाला होता.

दत्ता शेलार, आमचा दत्तू, आणि मी एका बॅचचे. तो खडवलीचा. पुढे एका हाय अल्टिट्यूड पोस्टवर आम्ही दोघेही लान्स नाईक. मी रेडिओ ऑपरेटर. तोही असाच. जोक मारायचा आणि लोक त्याच्यामागे बर्फात उतरायचे. एकदा वरच्या हुद्द्याची, नाईकची, एक जागा निघाली. यादीत माझं नाव वर होतं. स्ट्राईप, म्हणजे बाहीवरची बढतीची पट्टी, त्याला मिळाली. पोस्टवर त्या दिवशी शिरा झाला. मी डोकं दुखतंय सांगून खाल्ला नाही.

आता सिव्हिलियन वाचकांना एक गोष्ट समजावून सांगतो. त्या थंडीत रेडिओची बॅटरी लवकर मरते. म्हणून पोस्टचा ऑपरेटर स्पेअर बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतो, पोटाला लावून. सकाळी पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघताना ती गरम बॅटरी पेट्रोल लीडरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात आपल्या हाताने घालायची आणि वरून चेन ओढायची. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण आमच्या पोस्टवर प्रत्येक ऑपरेटरने ते केलं होतं.

त्या दिवशी पेट्रोल लीडर होता नाईक दत्ता शेलार, स्ट्राईप लागून आठवा दिवस. स्पेअर बॅटरी रात्रभर फळीवर पडून होती. मी घेतली नव्हती. मुद्दाम. सकाळी मी फळीकडे बोट दाखवलं.

"ती बघ तिथे. घे."

त्याने उचलली. "गार आहे रे, भिशा."

"चालेल तेवढी."

स्वतःच खिशात घातली, स्वतःच चेन ओढली. ०६४० ला चौघे निघाले.

०९१५ ला पहिला रिपोर्ट आला. सगळं ओके. १०२० ला दत्तू म्हणाला, "बॅटरी वीक. चेंज कर रहा हूँ. ओव्हर." १०५० ला खालच्या पोस्टकडून मेसेज आला: नाल्याच्या वरच्या उतारावर बर्फाला तडा दिसतोय, पेट्रोल ताबडतोब मागे घ्या. मी सेट उचलला. रेडिओवर पेट्रोलचं नाव चार्ली.

"चार्ली, रिपोर्ट माय सिग्नल. ओव्हर."

उत्तर नाही.

"चार्ली, चार्ली, वापस आओ. नाला क्रॉस मत करो. ओव्हर."

चौदा वेळा कॉल दिला. सुभेदार साहेब शेजारी उभे होते. ११२० ला आवाज आला. रेडिओवर नाही, बाहेरून, बर्फ कोसळल्याचा. चौघांपैकी तिघे परत आले. दत्तू सगळ्यात पुढे होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. निष्कर्ष: अतिथंडीमुळे बॅटरी निकामी. ते खरंच होतं. बॅटरी रात्री कुठे होती, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

वर्गाकडे परत येतो. सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येक ग्रुपचं प्रेझेंटेशन होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी एकेक फॉर्म आणि पाकीट दिलं. ग्रुपमधल्या प्रत्येक सोबत्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि खाली कारण लिहायचं. मॅडमचा नियम होता: कोणाला एकाने जरी पाचाखाली दिले, तर त्या विद्यार्थ्याचे ग्रुपचे मार्क निम्मे.

हे ऐकून कँटीनमध्ये प्रणय पहिल्यांदा गंभीर दिसला.

"बघा हां, माझी अटेंडन्सची बोंब आहे. ह्यात उडालो तर विषय गेला. पप्पा बोललेत, एक विषय जरी राहिला तर कॉलेज बंद, गुपचूप ट्रकवर बसायचं."

"आम्ही काय खुन्नस काढणार आहोत का तुझ्यावर?" श्रुती म्हणाली.

"तुझा भरोसा नाही. काकाचा आहे."

त्याच बैठकीत त्याने माझी स्लाईड काढून सगळ्यात शेवटी टाकली. "काका, तू लास्टला." एवढंच. का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला वाटलं, इंग्रजी अडखळतं म्हणून म्हाताऱ्याला मागे ढकलला. शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर बसून फॉर्म भरला. श्रुतीला आठ. चौथा होता त्याला सात. प्रणयला चार. कारण: इतरांचं ऐकत नाही. ते खोटं होतं. त्या ग्रुपमध्ये माझं कोणी ऐकत असेल, तर तो एकटाच.

शनिवारी १५०५ ला पाकिटं मॅडमच्या टेबलावर जमा झाली. १५३० ला आमचा नंबर. त्या दिवशी प्रणय वेळेवर होता, इस्त्रीचा शर्ट घालून. स्टेजच्या पायरीवर त्याने मला थांबवलं. हातात चार छोटी कार्डं होती. त्याने ती माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं.

"अडकलास तर काढ. नाहीतर बघूच नको. काका, तुला लास्टला का ठेवलाय माहितीय? शेवटचं बोललेलं तेवढंच पब्लिकच्या लक्षात राहतं."

त्याचा हात खिशावरून निघाला तरी मी तिथेच उभा होतो. श्रुतीने हळूच हाक मारली, "काका, चला ना."

माझी पाळी १५४८ ला आली. मी कार्डं काढली नाहीत. इंग्रजीतही बोललो नाही. वर जे लिहिलं आहे ते मराठीत सांगितलं, वेळेसकट. फळीवरची बॅटरी सांगितली. ती फळीवर का राहिली तेही सांगितलं. मग मी मॅडमकडे वळलो.

"मॅडम, माझं पाकीट परत हवंय."

"जमा केलेला फॉर्म परत मिळत नाही, भिसे. तुम्हाला नियम माहीत आहे."

"त्यात मी खोटं लिहिलंय. प्रणयला चार दिलेत."

प्रणय माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाचपैकी ना, काका?"

वर्ग हसला. तो हसला नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नवा फॉर्म मी देणार नाही. इथे या. जे लिहिलं आहे ते माझ्यासमोर खोडा, दुरुस्त करा आणि शेजारी सही करा. खोडलेलं दिसलं पाहिजे."

मी चार खोडून नऊ केले. कारण खोडून लिहिलं: सोबत्याची काळजी घेतो. सही केली.

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं. "एक कुठे कापला?"

"अटेंडन्स."

"बरोबर आहे." दोन पायऱ्या उतरला, थांबला. "चार खरंच दिलेलास?"

"दिलेले."

"डेंजर आहेस तू, काका." आणि तो स्टेशनपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. विषय त्याचा सुटला. अजून तो कॉलेजात आहे.

दुसऱ्या दिवशी रविवारचं लेक्चर मी बुडवलं. पहिल्यांदाच. खडवलीला गेलो. कल्याणहून चौथं स्टेशन. दोन वर्षं मी कल्याणात राहत होतो आणि एकदाही गेलो नव्हतो. गावात शिरताना कमान आहे, तिच्यावर दत्तूचं नाव, नावाआधी शहीद. गेलेल्या माणसाचाही मी हेवा करत होतो.

त्याची आई पडवीत तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं.

"भिसे? रेडिओवाला?"

"हो, आई."

"लई वर्सं लावलीस रं."

मी उभ्यानेच सांगितलं. बॅटरी, फळी, स्ट्राईप, सगळं. तिचा हात सुपात थांबला. भिंतीवरच्या फोटोतल्या दत्तूच्या बाहीवर लान्स नाईकची एकच पट्टी होती. नाईकची दुसरी लागल्यावर फोटो काढायला वेळ मिळाला नव्हता.

"फोनवर सांगायचा तो," ती शेवटी म्हणाली. "आमचा भिसे बॅटरी पोटाशी घेऊन झोपतो, लेकरू घेतल्यागत. म्हनून मला भ्या नाय, आई."

बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळाने मी खाली बसलो आणि सुपाच्या माझ्या बाजूचे खडे काढायला लागलो. तिने सूप मधे सरकवलं.

निघताना तिने विचारलं, "पुढल्या म्हयन्यात त्याचं वर्साचं आसतं. येशील?"

"किती वाजता, आई?"

"टाइम कसला त्याला. सकाळचा ये."

मी डायरी काढून लिहून घेतलं. खडवली, ०६४०. नाईक दत्ता शेलार.