तेवढ्यापुरतं गळ्यात

व्हिनेगरची बाटली उघडली की डार्करूममधल्या रसायनाचा वास आठवतो आणि मी अजून स्वतःवर वैतागते. नव्वदच्या दशकात वसईत माझं एक्स-रे क्लिनिक होतं. राजोडीची एक कोळीण छातीचा फोटो काढायला आली, पण मंगळसूत्र काढेना. दोन फिल्म वाया गेल्या. मण्यांची सावली नेमकी फुप्फुसावर.

"धनी दर्यात हाय. गला रिकामा नाय ठेवायचा."

"मावशी, एका मिनिटात काय होणार आहे?"

"मंग तवर तू घाल. कुनाच्या तरी गल्यात राहू दे."

वैतागून घातलं. फोटो स्वच्छ आला. पण तेवढा वेळ, एवढी शिकलेली मी, मनात घोकत होते, तिची होडी सुखरूप येऊ दे. मी विधवा आहे, हे तिला माहीत नव्हतं.