दुनळीची रिकामी पेटी

रिसोडच्या अलीकडे, नाल्याच्या दोन्ही काठांवर मळेवाल्यांची थोडी घरं आहेत. तिथे जाऊन चंपतचं घर विचारलं, तर लोक उलट विचारतात, "कोनता चंपत? पेटीवाला?" आणि हसतात. चंपतचा कांदा बाजारात हातोहात खपतो, त्याच्या वांग्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही; पण नाव पडलं ते पेटीचं. नाल्यापलीकडे त्याचा थोरला भाऊ राहतो. त्याला सगळे बंदूकवाले दौलतराव म्हणतात, आणि ते म्हणताना कोणी हसत नाही. चंपतचं दुखणं नेमकं इथे होतं.

त्यांचा बाप उकंडा एका देशमुखाचा मळा राखायचा. देशमुख म्हातारा झाला तेव्हा त्याने आपली विलायती दुनळी बंदूक रीतसर उकंडाच्या नावावर करून दिली, आणि सोबत तिची मूळ पेटीही दिली. कातड्याने मढवलेली लाकडी पेटी, आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, नळ्यांना एक खाच, दस्त्याला एक खाच, तेलाच्या कुपीला इवलासा कप्पा. झाकणाच्या आत कारखान्याचं छापील नाव चिकटवलेलं होतं. रात्री रानडुकरं मळ्यात शिरली की उकंडा हवेत एक बार काढायचा आणि पुढचे चार दिवस आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांना निवांतपणा मिळायचा.

उकंडा गेल्यावर वाटणी केली ती त्याच्या बायकोने, गोमतीबाईने. तिच्या लेखी न्याय एकच होता. प्रत्येक गोष्टीचे दोन भाग. तिने पाटा थोरल्याला दिला आणि वरवंटा धाकट्याला. पंच डोक्याला हात लावून बसले, पण म्हातारीपुढे बोलणार कोण? बंदुकीचंही तिने तसंच केलं. परवाना एकाच्याच नावावर होणार, म्हणून बंदूक दौलतला आणि पेटी चंपतला. पुढे दौलतच्या बायकोने, वैजयंतीने, नवा वरवंटा आणला, चंपतच्या कस्तुराबाईने नवा पाटा आणला, आणि ते मिटलं. बंदुकीचं मात्र मिटलं नाही.

मिटणार तरी कसं? बापाच्या मांडीला मांडी लावून नळ्या पुसल्या त्या चंपतने. दौलत तेव्हा भाजीची गाडी घेऊन बाजारात असायचा. त्याला साधी बंदूक मधोमध उघडून नळीत बघता येत नव्हतं. आणि आता लग्नात दौलतराव पुढच्या खुर्चीवर, दौलतरावांना पहिला फेटा. दसऱ्याला बंदुकीची पूजा असली की अख्खी वस्ती दौलतच्या ओसरीवर. चंपतही जायचा, सोनं द्यायचा, बंदुकीकडे बघायचा, आणि घरी आला की कस्तुराबाईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. तिलाही कळायचं की भाजीत मीठ बरोबर आहे, बिघाड दुसरीकडेच आहे.

पेटीत चंपत कांद्याचं बी मेणकापडात बांधून ठेवायचा. उंदीर शिरत नाही, मुंगी लागत नाही. "इंग्रजानं खास तुमच्या कांद्यासाठीच बनवली जनू," असं कस्तुराबाई म्हणायची. तो ओशाळं हसायचा. पण पेटी त्याने मोडू दिली नाही, रंगवू दिली नाही, कोणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अकोल्याचे एक वकील आले. जुन्या बंदुकांचा त्यांना भारी शौक. दौलतची दुनळी त्यांनी वर-खाली न्याहाळली, वा वा केलं, आणि विचारलं, "हिची मूळ पेटी कुठे आहे?" दौलतने नाल्यापलीकडे बोट दाखवलं. वकील म्हणाले, "अहो, पेटीशिवाय ही अर्धीच. पेटी कधी हातची घालवू नये." ही गोष्ट संध्याकाळपर्यंत नाला ओलांडून आली. चंपतला आयुष्यात पहिल्यांदा जेवण गोड लागलं. दौलतराव अर्धे! वस्तीतल्या दोघातिघांना थांबवून त्याने ही गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांना ती आधीच ठाऊक होती तरी.

मृगानंतर, पाऊस चांगला धरल्यावर, दौलत स्वतः चंपतच्या दारात आला. कधी नव्हे ते. काठी टेकत, पायरी चाचपत आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि हा बंदूकवाला ऑपरेशनच्या नावाने लटलट कापत होता.

"चंप्या, पेटी दे मले," तो म्हणाला.

"काहून? बंदूक हाय ना तुयाजोळ. तेवढ्यानं पोट नाही भरलं?"

"बाबाच्या वक्ती दोन्ही एका घरात होते. तसे पाह्यजे मले. बंदूक तिच्यात ठेवतो, दसऱ्याले उघडतो. मंग सांगतो तुले."

काय सांगणार होता ते त्याने सांगितलं नाही. चंपतच्या मनात आलं, वकिलाला दाखवायचं असेल. आता ह्याला माझी पेटीही हवी! फेटा ह्याचा, खुर्ची ह्याची, आणि माझ्याकडे उरलेलं हे लाकूडही ह्याचंच! तो नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याला बाप आठवला. नळ्या पुसता पुसता बाप बजावायचा, "पेटी जीवापाड जपजो, पन बंदूक कधी तिच्यात निजवजो नोको. थे बनात पानी पिते. पावसाळ्यात एकदा ठेवली का लोखंड खाल्लंच समज." म्हणून तर बंदूक कायम खुंटीला असायची आणि पेटी फळीवर. हे बाप फक्त चंपतला बोलला होता.

"घेऊन जा, दादा," चंपत म्हणाला.

कस्तुराबाई बघतच राहिली. चंपतने बी मडक्यात ओतलं आणि पेटीच्या आतून हात फिरवला. पावसाच्या हवेने बनात गारेगार, ओलसर लागत होती. चुलीजवळ दोन दिवस ठेवली असती तर सुकली असती. त्याने झाकण लावलं, कडी घातली, वर गोणपाट गुंडाळलं, आणि स्वतः उचलून नाल्यापलीकडे पोचवून आला. वैजयंतीने चहा केला. दौलतने त्याच्यासमोर नळ्या आणि दस्ता सुटे करून बंदूक खाचांत बसवली. अगदी चपखल बसली. दौलतचे डोळे भरले. चंपतने चहा अर्धा सोडला.

उरलेला पावसाळा त्याने कसा काढला हे त्याचं त्यालाच ठाऊक. झड लागली की तो ओसरीत बसून नाल्यापलीकडे बघायचा. आता गंज लागला असेल, आता धरला असेल, आता खालपर्यंत गेला असेल. बरं वाटायचं, आणि जेवण मात्र ताटात तसंच राहायचं. श्रावणात एकदा त्याला राहवलं नाही. सांगून टाकू, असं ठरवून तो निघाला. पण दौलतच्या ओसरीवर माणसं बसलेली, आणि दौलत सांगत होता, "पेटी आली न आता, बंदूक राजावानी निजली हाय." माणसं माना डोलावत होती. मग काय, चंपत नाल्यातूनच मागे फिरला.

दसऱ्याला दौलतचा निरोप आला, लोक यायच्या आधी ये. चंपत गेला. रांगोळी घातलेली, पाटावर पेटी, पेटीवर झेंडूची माळ. वैजयंती आत निरांजन लावत होती. दौलतने चाचपत कडी काढली, बंदुकीच्या नळ्या आणि दस्ता दोन्ही हातांनी उचलले आणि चंपतच्या हातांवर ठेवले.

"घे. तुयी हाय."

"माई?"

"मले दिसत नाही, मुकेशले नोको. पुन्याले राह्यते माया पोरगा, बंदूक कायले पाह्यजे त्याले? माया संमतीच्या कागदावर सही झाली हाय. सोमवारी वाशीमले कलेक्टर कचेरीत जाऊ, तुया नावाचा अर्ज करू. तूच पुसत होता तिले बाबासंगं. माया मनाले इतके वर्षं लागून होतं, चंप्या. म्हनून पेटी मांगतली. बाबानं जशी आनली तशी देवाव म्हनलं तुले, जोडीनं."

चंपतने खाली पाहिलं. नळ्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडा गंज चढला होता. जिथे जिथे बनात टेकली होती तिथे लोखंडाला खड्डे पडले होते. घोड्याजवळची वेलबुट्टी, जी तो लहानपणी नखाने कोरून साफ करायचा, ती दिसतच नव्हती.

"बोट लावलं तं जराशी खरखर लागते," दौलत म्हणाला. "तेल सुकलं असंन. चकाकते ना रे पहिल्यासारखी?"

अंगणात चपला वाजल्या. लोक आपट्याची पानं घेऊन यायला लागले होते. चंपतने खांद्यावरचा दुपट्टा ओढून बंदुकीवर घातला.

"चकाकते, दादा," तो म्हणाला.