आईचं निळं कार्ड

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात एक जपानी कार्ड आहे. ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे तिकडे गेलो होतो, तेव्हाचं. बँकेच्या कार्डाएवढंच. त्यात पैसे भरायचे आणि गावभर हिंडायचं. टोकियोत घेतलेलं कार्ड ओसाकात चाललं, क्योतोच्या बसमध्ये चाललं, स्टेशनवरच्या मशीनमधून गरम कॉफीचा डबासुद्धा त्याच कार्डावर मिळाला. तिथल्या स्टेशनांवरच्या फाटकांचं तर मला फारच कौतुक. ती उघडीच असतात, तुमचं काही चुकलं तरच बंद होतात. सकाळच्या वेळी माणसांचा लोंढा त्यांतून न थांबता जातो आणि कुणी कुणाला कोपर मारत नाही. परत आल्यावर महिनाभर मी हेच सगळ्यांना सांगत होतो. शेवटी बायको म्हणाली, "तुझं लग्न त्या कार्डाशीच लावून द्यायला हवं होतं."

मागच्या उन्हाळ्यात आई मिरजेहून आमच्याकडे हॅरोला आली, सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, आणि म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच एकटी. आपल्याकडे आईवडील एकटे येणार म्हटलं की आपण सगळे जे करतो ते मीही केलं होतं. पाय धडधाकट असताना तिच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. चालता येत नाही म्हणून नव्हे, तर कुणीतरी हाताला धरून बाहेर आणून सोडावं म्हणून. हीथ्रोच्या दारातून ती खुर्चीत बसून बाहेर आली. मांडीवर पिशवी, चेहरा असा की जणू कुणी तिला पकडून आणलं आहे. मला मात्र हायसं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिनं माझे खण आवरायला घेतले आणि तिला ते जपानी कार्ड सापडलं.

"ह्यात पैसे आहेत अजून?"

"आहेत थोडे."

"इथे चालतात?"

"नाही गं."

"मग ठेवलंस कशाला?"

"परत जाईन ना कधीतरी."

आईनं कार्ड पदरानं पुसलं आणि होतं तिथे ठेवलं.

ती आली होती आम्हाला भेटायला, पण तिचा जीव अडकला होता इलफर्डला. तिथे तिची मैत्रीण राहते. मिरजेच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. मी तिला मावशी म्हणतो. मावशी लग्न झाल्यावर डॉक्टर नवऱ्याबरोबर इकडे आली आणि इकडचीच झाली. आता नवरा नाही. वसंतात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगी कामावर गेली की संध्याकाळपर्यंत घरात एकटी. फोनवर आईला म्हणाली होती, "व्यायाम करायला सांगतात, पण उठावंसंच वाटत नाही." त्या वाक्यानं आईची झोप उडाली होती.

आता हॅरो लंडनच्या एका टोकाला, इलफर्ड दुसऱ्या. मी म्हटलं, रविवारी नेतो. पहिल्या रविवारी धाकट्याची मॅच होती, दुसऱ्या रविवारी लाईन बंद होती, तिसऱ्या रविवारी खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. आई एकदाही रागावली नाही. फक्त चौथ्या आठवड्यात म्हणाली, "तुला वेळ नसेल तर मला रस्ता दाखव. मी जाईन."

मी हसलो. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की मी हसणं थांबवलं.

त्याच रविवारी आम्ही दोघं निघालो. हॅरोच्या स्टेशनवर जे झालं ते आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते. सवयीनं मी पुढे झालो, पिवळ्या गोलावर फोन टेकवला, फाटक उघडलं आणि आईला म्हटलं, "चल, जा पुढे." ती गेली, फाटक मिटलं. मग मी माझ्यासाठी पुन्हा फोन टेकवला, तर लाल दिवा. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. आई पलीकडे, मी अलीकडे, आणि मागे रांग. मी ओरडलो, "आई, तिथेच थांब! हलू नकोस!" बहात्तर वर्षांची बाई, सरळ उभी होती, कुठेही पळून जाणार नव्हती. ओरडत मीच होतो.

स्टेशनवरची बाई आली. निळा युनिफॉर्म, हातभर बांगड्या, बहुधा गुजराती. तिनं मला मोठ्या फाटकातून आत घेतलं आणि हिंदीत म्हणाली, "भाईसाब, एका माणसाला एक कार्ड. मम्मीला तिचं वेगळं घेऊन द्या ना."

एका माणसाला एक कार्ड. इतकी वर्षं मी ह्या शहरात राहतो, रोज ह्या फाटकातून जातो, आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आईला तिचं स्वतःचं तिकीट असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात तिकिटं बाबांच्या शर्टाच्या खिशात असायची. सगळ्यांची. एसटी असो, रेल्वे असो, आईला सीट नंबरही माहीत नसायचा. बाबांचा खिसा आता माझ्याकडे आला होता, एवढंच.

गाडीत बसल्यावर आईनं मला एक गोष्ट सांगितली. मी तेव्हा तिच्या मांडीवर होतो म्हणे. बाबा कुठल्याशा स्टेशनवर चहाला उतरले आणि गाडी सुटली. ते धावत मागच्या डब्यात चढले, पण आईला ते कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात टीसी आला. आई म्हणाली, "तिकीट ह्यांच्याकडे आहे." तो म्हणाला, "हे कुठे आहेत?" पुढचं स्टेशन येईपर्यंत तो तिच्या समोरच्या बाकावर बसून राहिला आणि डब्यातली सगळी माणसं तिच्याकडे बघत राहिली.

"चांगला माणूस होता, काही बोलला नाही," आई म्हणाली. "पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं नाही."

त्या दिवशी परत येताना मी तिला निळं कार्ड घेऊन दिलं.

पुढचे आठ दिवस तिनं त्या कार्डाचा अभ्यास केला. लाईनींची नावं तिच्या लक्षात राहीनात, तेव्हा तिनं नकाशा समोर घेऊन त्यांना साड्यांचे रंग दिले. हॅरोहून राणी रंगाची लाईन, ती लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत. तिथे उतरून वांगी रंगाची, ती थेट इलफर्डला. दोनदा मी बरोबर गेलो. दुसऱ्यांदा तिनं मला बजावलं, "तू मागून चाल. बोलू नकोस." मी गप्प मागून चाललो. लिव्हरपूल स्ट्रीटला ती एका बोगद्याशी थांबली, वर पाट्या बघितल्या, डावीकडे वळली. बरोबर वळली. मला जरा वाईटच वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला.

मग तो बुधवार आला. अकराला निघाली. पोचल्यावर फोन कर, असं मी दहा वेळा सांगितलं होतं. सव्वाबारापर्यंत फोन यायला हवा होता. साडेबारा झाले. मी मीटिंगमध्ये होतो आणि स्क्रीनवर कोण काय बोलत होतं ह्यातलं अक्षर मला आठवत नाही. ती फोन उचलेना. पाऊण झाला. माझ्या डोक्यात ती कुठल्यातरी फलाटावर पिशवी छातीशी धरून उभी होती आणि माणसं तिच्या बाजूनं वाहत होती. एक वाजता मीटिंग सोडून मी मावशीला फोन लावला.

"अरे, ती केव्हाच आली," मावशी म्हणाली. "पिठलं करतेय. थांब, देते."

"आई! फोन का नाही केलास?"

"हाताला पीठ आहे रे. ठेवू का?"

संध्याकाळी मी तिला घ्यायला स्टेशनवर गेलो. कुणाच्या तरी मोठ्या बॅगांसाठी रुंद फाटक उघडं ठेवलं होतं आणि दोनचार जण तसेच बाहेर पडत होते. आई थांबली, बाजूच्या पिवळ्या गोलापाशी गेली, कार्ड नीट टेकवलं, हिरवा दिवा बघितला आणि मगच आली.

"पोचलं की कळवायला नको?" म्हणाली.

"मशीनला कळवलंस. मला नाही."

"मशीन ओरडत नाही."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, ती जात राहिली. मावशीकडून व्यायाम करून घ्यायची. एकीनं वॉकर धरायचा, दुसरीनं शाळेतल्या कविता म्हणायच्या, कविता संपेपर्यंत चालायचं. पहिल्या आठवड्यात मावशी एका कडव्यात दमायची. कार्डात पैसे भरायलाही आई स्वतःच शिकली. नोट मशीननं आत ओढली की त्याला थँक्यू म्हणायची. दहा पौंडांच्या खाली तिनं ते कधी जाऊ दिलं नाही. डब्याचा तळ दिसू देऊ नये, हा तिचा तांदळाचा नियम तिनं कार्डालाही लावला. जपानच्या त्या उघड्या फाटकांचं मी अजून कौतुक करतो, पण मला विचाराल तर लंडनचं बंद फाटक बरं. आपण कार्ड टेकवतो आणि ते आपल्यासाठी उघडतं. आई प्रत्येक वेळी ते उघडताना बघायची, घाई करायची नाही. मागच्यांनी उसासे टाकले तरी नाही.

एकदा गाडीत तपासनीस आला. ती गोष्ट आईनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली की धाकट्याला पाठ झाली. सगळे पर्समध्ये शोधत होते. आईचं कार्ड हातातच होतं. तिनं पुढे केलं. त्यानं आपल्या यंत्राला लावलं आणि म्हणाला, "लव्हली. थँक यू, माय डार्लिंग."

"डार्लिंग म्हणाला?" बायकोनं दरवेळी विचारायचं.

"म्हणाला तर. तिकीट होतं ना माझ्याकडे."

सप्टेंबरच्या शेवटी मावशी तिला सोडायला वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या बस स्टॉपपर्यंत आली. त्या दिवशी आईनं मला फोन केला, आपणहून. "अख्खी कविता झाली. आणि दुसरी अर्धी," एवढंच म्हणाली, आणि रडली. मीही ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडलो. त्या बाईला मी तीन रविवार घरी बसवून ठेवलं होतं.

ती परत जायची वेळ आली तेव्हा मी पुन्हा व्हीलचेअर सांगून ठेवली. तिकीट काढताना एका खुणेचं काम, विचारसुद्धा केला नाही. हीथ्रोला बॅगा दिल्या, आणि एक माणूस खुर्ची ढकलत आला. आईनं त्याला हात जोडले. "नो, नो. लेग्ज गुड," म्हणाली आणि दोन पावलं चालून दाखवली. तो हसला आणि खुर्ची घेऊन गेला.

"ते निळं कार्ड ठेवून जा," मी विषय बदलला. "तिकडे चालत नाही. कुणी पाहुणे आले तर होईल."

"तुझ्या खणात जपानचं आहे ना? ते दे पाहुण्यांना."

"ते वेगळं, आई."

"काय वेगळं? मी पण परत येणार आहे. मावशीची दुसरी कविता अर्धी राहिलीये." तिनं पर्सची चेन लावली. मग माझ्यासमोर हात पसरला. "आणि माझं तिकीट दे."

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. तिचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास सकाळपासून तिथेच होते. मी कधी ठेवले ते मलाही आठवत नव्हतं. मी ते काढून तिच्या हातात दिले. पाया पडलो.

आत जायच्या दारापाशी तशीच फाटकं आहेत, काचेची. आई रांगेत उभी राहिली. तिच्या पुढचा तरुण बोर्डिंग पास उलटा धरून झगडत होता. आईनं त्याला तो सुलटा करून दाखवला. मग स्वतःचा टेकवला, हिरवा दिवा बघितला, फाटक उघडताना बघितलं आणि पलीकडे गेली. फाटक मिटलं. ती पलीकडे, मी अलीकडे.

ती वळली. मला वाटलं हात हलवेल.

"तिथेच उभा राहू नकोस," ती ओरडली, सगळ्या हीथ्रोला ऐकू जाईल अशी. "घरी जा. पोचले की कळवते."