बी टॉवरचं दार

"परवापर्यंत कारण सापडलं नाही, तर मारुतीच्या जागी दुसरा माणूस बघा," नांदेडहून साहेब फोनवर म्हणाले.

मारुतीभाऊ माझ्या शेजारीच उभे होते, आणि माझ्या फोनचा आवाज मोठा आहे. त्यांनी ऐकलं. हातातला ब्रश पिशवीत ठेवला.

लातूरच्या बाहेर, बायपासला लागून एक ऑफिस कॉम्प्लेक्स आहे. दहा-दहा मजल्यांचे दोन जुळे टॉवर, एकाच नकाशावरून बांधलेले, आणि दोन्हींत आमच्याच कंपनीच्या लिफ्ट. मी त्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. मारुतीभाऊ तिथले टेक्निशियन. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पण काम मीच शिकवलेलं. ए टॉवरमध्ये कोचिंग क्लासेस. पोरं दिवसभर दार धरून ठेवतात, लाथाही घालतात, तरी ती लिफ्ट कधी कुरकुरत नाही. बी टॉवरमध्ये डाळ-तेलबियांच्या व्यापाऱ्यांची सभ्य, एसी ऑफिसं. तिथली लिफ्ट मात्र महिनाभर, दिवसाआड, दुपारी तीनच्या सुमाराला बंद पडत होती.

लिफ्टचं दार उंबऱ्यातल्या एका खाचेत सरकतं. मध्ये काही अडलं, तर माणूस चेंगरू नये म्हणून ते परत उघडतं. असं पाच-सहा वेळा झालं की कंट्रोलर, म्हणजे लिफ्टचा मेंदू, हात टेकतो आणि लिफ्ट बंद करतो. मग टेक्निशियनला बोलवावं लागतं.

मारुतीभाऊ यायचे आणि दार मुकाट चालू लागायचं. रिपोर्टात एकच वाक्य: 'दोष आढळला नाही.' ते वाचून साहेबांचं डोकं फिरायचं. मी दाराची मोटर बदलली, पट्टा बदलला, सेन्सर बदलला. ढिम्म फरक नाही. मग मलाही वाटू लागलं, की हा माणूस वरवर काम करतोय. साहेबांना तसं बोलूनही दाखवलं होतं. आज त्याची लाज वाटते. मारुतीभाऊंची मुलगी समोरच्याच ए टॉवरमध्ये क्लासला जायची. नोकरी गेली असती तर तिचा क्लासही गेला असता.

"म्याडम, तुम्हीच बघा आता," ते म्हणाले. "म्या आलो की हे दार गरीब गाय होऊन राहतंय."

"आल्यावर पहिलं काय करता?"

"तुम्ही शिकवलं तेच की. आधी खाच झाडायची, मग कंट्रोलरचा डबा उघडायचा."

"उद्या ब्रशला हात लावू नका. लिफ्ट बंद पडली तरी."

त्यांना ते पटलं नाही. चपला घालून स्वयंपाकघरात जायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सातव्या मजल्यावर, जिथं ती जास्त वेळा अडायची, लिफ्टसमोर खुर्च्या टाकून बसलो. बाजारातले सौदे उरकून व्यापारी नमुन्याच्या पुड्या घेऊन परतू लागले. शिवलिंगअप्पा हे तिथले सगळ्यांत जुने व्यापारी. एका पाहुण्याला निरोप द्यायला ते ऑफिसबाहेर, थेट लिफ्टच्या दारापर्यंत आले. पाहुण्यानं पाय घालून दार धरलं. अप्पांनी पुडीतून मूठभर सोयाबीन काढलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून फोलपट उडवलं. एक दाणा दाताखाली फोडला.

"ओल हाय थोडी," म्हणाले, आणि उरलेले दाणे सरळ खाली सोडले.

पाहुण्यानं पाय काढला. दार मिटायला गेलं, परत उघडलं. पुन्हा मिटायला गेलं, पुन्हा उघडलं.

"बघा, परत बिघडलं," अप्पा पाहुण्याला म्हणाले. "ह्यांचा माणूस नुस्ता येतो न् जातो."

मी टॉर्च मारला. खाचेत सोयाबीन ओळीनं बसलं होतं.

मी किनवटची, जंगलाकडची. मला आडतीची रीत कुठली माहीत? बाजारात मालाची रास समोर असते. मूठ भरायची, पारखायची, राशीवरच सोडून द्यायची. ते तिथं बरोबरच आहे. सातव्या मजल्यावर रास नव्हती, एवढंच.

"म्याडम, हे तर दरवेळीच निघतंय," मारुतीभाऊ म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"लातुरात सोयाबीन सापडलं म्हणून कोण सांगत बसतंय?"

ते दरवेळी आधी कारण झाडून टाकत होते आणि मग कारण शोधत होते. तेही मी शिकवल्याबरहुकूम, अगदी मन लावून.

अप्पांना समजावलं. त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "ताई, आडतीत जन्म गेला. हात आपोआप सुटतो बगा." मग मारुतीभाऊंकडे वळून म्हणाले, "तुला उगंच बोललो रे बाबा."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी घरून पितळी परात आणली आणि स्टुलावर, लिफ्टशेजारी ठेवली. आठवडाभरात व्यापाऱ्यांच्या प्रत्येक मजल्यावर परात आली. त्यानंतर बी टॉवरची लिफ्ट अडली नाही.

कंपनीच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी असते. त्यात 'टेक्निशियनचा निष्काळजीपणा' आहे, सोयाबीन नाही. मी 'इतर'वर खूण केली आणि लिहिलं: 'शिकवण्यात चूक. झाडण्याआधी बघायला सांगितलं नव्हतं.' खाली माझी सही केली. साहेबांचा फोन आला, "मग मारुतीचं काय?" म्हटलं, "ते राहतायत."

हल्ली मारुतीभाऊंचे रिपोर्ट लांबलचक येतात. 'ए टॉवर, तिसरा मजला. खाचेत एक हेअरपिन, खडूचा तुकडा, अर्धी शेंग. बघितले. मग झाडले.' साहेब वैतागतात. मी ओळ न् ओळ वाचते.