दहा लाख नऊ

आमचं घर अमरावतीच्या बाहेर, मोझरीच्या रस्त्याला. शेवंती-झेंडूची शेती. माझी गणितात एम.एस्सी. झाली त्या वर्षी मला बघायला अकोल्याहून एक मुलगा आला. तिथं ज्युनिअर कॉलेजात तोही गणितच शिकवायचा. पोहे झाल्यावर मोठ्यांनी आम्हा दोघांना बोलायला ओसरीवर बसवलं. त्यानं विचारलं, "तुमची आवडती मूळ संख्या कोणती?"

"सतरा. तुमची?"

"दहा लाख नऊ. दोनशेपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कशानंच भाग जात नाही. मूळच असणार."

"हजारापर्यंत पाहावं लागेल."

"लागेल. पण कंटाळा आला."

हे त्यानं सरळ सांगून टाकलं, ते मला आवडलं.

पाहुणे गेले, पण ती संख्या डोक्यातून जाईना. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग म्हणजे दहा लाख नऊ, हे दिसतच होतं. मूळ संख्येला दोन वर्गांची अशी जोडी मिळालीच तर एकच मिळते. दुसरी सापडली की ती मूळ नाही हे नक्की. हार ओवता ओवता मी शोधू लागले. बेरजेच्या शेवटी नऊ यायचा, तर जोडीतली एक संख्या पाचाच्या पटीत असलीच पाहिजे. म्हणून पाच, दहा, पंधरा असं करत एकेकीचा वर्ग वजा करायचा आणि उरलेला आकडा कुणाचा वर्ग आहे का बघायचं. दोनशे पस्तीसला जमलं. उरला तो नऊशे बहात्तरचा वर्ग.

मी बाबांना म्हटलं, "मले त्यायचा नंबर द्या."

"काहून? आपला होकार अजून गेला नाही."

"लग्नाचं नाही. त्यायचं गणित चुकलं, ते सांगाचं हाय."

बाबांनी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "देऊन टाका. नाई त जेवाची नाही पोरगी."

फोनवर मी दोन्ही जोड्या सांगितल्या. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "भाग कशानं जातो?"

"ते अजून काढलं नाही."

"मग ते मला काढू द्या."

थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा. अजून थोडं पुढं गेलो असतो तर तेव्हाच सापडलं असतं." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला पुढं शिकायचं आहे का?"

बघायला आलेल्यांपैकी हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "पीएच.डी. करायची आहे. आणि शिकवायचंही आहे."

"अकोल्यात होईल," तो म्हणाला.

बाबांनी संध्याकाळी होकार कळवला. लग्न कौंडण्यपूरला झालं, मोजक्या माणसांत. पीएच.डी. व्हायला मात्र मला वाटलं त्याहून जास्त वर्षं लागली.

सुरुवातीला सासूबाईंना आमचं गणितावरचं बोलणं म्हणजे भांडणच वाटायचं. एकदा त्यांनी त्याला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "तिले असं बोलत जाऊ नको. पोरगी नवीन हाय." हे भांडण नाही, गणित आहे, असं आम्ही दोघांनी बसून त्यांना समजावलं. त्यांना काही ते पटलं नाही.